जुन्या तुळईचे नवे कपाट

पुण्याच्या पेठांतला एखादा वाडा पाडायला घेतला की आधी कौले उतरतात, मग वासे, मग कडीपाट आणि शेवटी तुळया व खांब. विटामातीचा राडारोडा ट्रकमध्ये भरून जातो. लाकूड मात्र नीट बाजूला रचले जाते, कारण पाडकाम करणाऱ्याला त्याचे मोल ठाऊक असते. चांगल्या तुळया लाकडाच्या व्यापाऱ्याकडे जातात. फाटलेल्या फळ्या, चौकटींचे तुकडे आणि खिडक्यांच्या पट्ट्या जळण म्हणून विकल्या जातात.

काही वर्षांपूर्वी एका शाळेला विज्ञानाचे साहित्य ठेवायला कपाट हवे होते आणि पैसे थोडे होते. जवळच एक वाडा पाडला जात होता. तिथून दोन तुळया, काही फळ्या आणि दाराची एक झडप घ्यावी व सुताराच्या मदतीने मुलांसमोर कपाट करावे, असे शाळेतल्या शिक्षकांनी आणि आम्ही मिळून ठरवले. एप्रिलमध्ये लाकूड आले, मे महिन्यात कपाट झाले. जुलैमध्ये त्याचे एक दार उघडेना आणि दुसरे वाटीसारखे वाकले. या कामात याहून गंभीर अशी एक चूकही आमच्या हातून झाली होती, ती पुढे सांगू. जुने लाकूड घरासाठी किंवा शाळेसाठी वापरताना काय पाहावे हे आम्ही त्या दोन चुकांतून शिकलो.

लाकूड मेले तरी पाणी पिते

वाड्यात शंभर वर्षे राहिलेले लाकूड पूर्ण 'मुरलेले' असते, ते आता हलणार नाही, असे आम्ही धरून चाललो होतो. ही समजूत पुष्कळांची असते, पण ती चुकीची आहे.

लाकडाच्या पेशीभित्ती मुख्यतः सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन यांच्या असतात. सेल्युलोज व हेमिसेल्युलोजच्या रेणूंवरील हायड्रॉक्सिल गट पाण्याच्या रेणूंना धरून ठेवतात. हवा दमट झाली की पेशीभित्ती बाष्प शोषतात, कोरडी झाली की सोडतात. झाड जिवंत असण्याशी याचा काही संबंध नाही. शंभर वर्षांपूर्वीची तुळईही दर पावसाळ्यात फुगते आणि दर उन्हाळ्यात आकसते.

हवेची सापेक्ष आर्द्रता ३५ टक्के असेल तर लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे ७ टक्के पाणी उरते. आर्द्रता ८० टक्के झाली तर ते सुमारे १६ टक्क्यांवर जाते. जाड फळीत हा बदल सावकाश होतो, त्यामुळे घरातल्या लाकडात उन्हाळा ते पावसाळा ५ टक्क्यांच्या आसपासचा फरक धरून चालावे.

आता गंमत अशी, की लाकूड सगळ्या दिशांनी सारखे फुगत नाही. पेशीभित्तीतले सेल्युलोजचे बारीक धागे बहुतांशी खोडाच्या लांबीच्या दिशेने असतात. पाणी शिरते ते धाग्यांच्या मधे, त्यामुळे धागे एकमेकांपासून बाजूला सरकतात, पण त्यांची लांबी वाढत नाही. म्हणून दहा फुटी तुळई वर्षभर जवळजवळ दहा फुटीच राहते, पण तिची रुंदी बदलते. ओले लाकूड अगदी कोरडे केले तर साग वलयांच्या कडेकडेने सुमारे ५ ते ६ टक्के आणि गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने सुमारे अडीच टक्के आकसतो. साग हलण्याच्या बाबतीत शांत समजला जातो. इतर कित्येक लाकडे याहून जास्त आकसतात.

आमच्या कपाटाचे दार ४५ सेंटिमीटर रुंद होते. वलयांच्या दिशेने, पाण्याच्या प्रत्येक एक टक्का वाढीमागे रुंदी सुमारे ०.२ टक्के वाढते. पाणी ५ टक्के वाढले म्हणजे रुंदी १ टक्का वाढली, म्हणजे साडेचार मिलिमीटर! आम्ही फट ठेवली होती दोन मिलिमीटरची. दार अडकले यात दाराचा काही दोष नव्हता.

सुताराने हे आम्हाला आधीच सांगितले होते. "सर, तुळई चिरली की फळ्या महिना-दोन महिने मोकळ्या पडू द्या. आणि फट उन्हाळ्यात ठेवताय, तर पावसाळ्याची ठेवा." शाळा सुरू होण्याआधी कपाट व्हावे म्हणून आम्ही घाई केली. त्याच्या म्हणण्यामागचे विज्ञान असे : जाड तुळईचा बाहेरचा भाग आणि आतला भाग यांत पाण्याचे प्रमाण सारखे नसते, शिवाय लाकडात ताण साठलेले असतात. चिरल्याबरोबर ते मोकळे होतात आणि फळी वाकते. म्हणून चिरलेल्या फळ्या सावलीत, मधे सारख्या जाडीच्या रिपा ठेवून, चारी बाजूंनी हवा खेळेल अशा रचाव्यात. फळ्या स्थिर झाल्या की मगच शेवटचा रंधा मारावा.

जुन्या वाड्यांच्या दारांत रुंद फळी चौकटीच्या खाचेत नुसती बसवलेली असते, खिळे ठोकून जखडलेली नसते. तिला फुगायला आणि आकसायला जागा राहते. हे गणित त्या कारागिरांनी कागदावर मांडले नव्हते, पण त्यांच्या हातात ते होते.

लाकूड कुठे मिळते, काय पाहावे

पाडकामाच्या जागी थेट लाकूड मिळते. नाहीतर पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटसारख्या ठिकाणी, मुंबईत जुन्या फर्निचरच्या बाजारांत किंवा गावोगावच्या जुन्या लाकडाच्या वखारींत ते मिळते. व्यवहार घनफुटावर होतो. सहा इंच बाय सहा इंच जाडीची दहा फुटी तुळई म्हणजे अडीच घनफूट. सागाची घनता पाण्याच्या सुमारे दोन-तृतीयांश असते, तेव्हा अशा तुळईचे वजन ४५ किलोच्या आसपास भरते. ती बरीच जड लागली तर लाकूड ओले आहे किंवा तो साग नाही. कोकणातल्या घरांत ऐन, फणस, किंजळ अशी लाकडेही भरपूर असतात. तीही चांगली, पण सागाच्या भावाने घेऊ नयेत. विकत घेतल्याची पावती मात्र जरूर घ्यावी.

ओळख पटवायला तुळईच्या टोकाचा पातळ काप पटाशीने काढावा आणि ताज्या भागाकडे भिंगातून पाहावे. सागात प्रत्येक वलयाच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची रांग दिसते. ताज्या कापाला चामड्यासारखा वास येतो आणि बोटाला किंचित तेलकटपणा जाणवतो. नुसत्या रंगावर विश्वास ठेवू नये, कारण रंग चढवता येतो.

जुने लाकूड नव्यापेक्षा चांगले का असते? ते वयाने मजबूत होते म्हणून नव्हे. त्या काळी मोठी, वयस्क झाडे तोडली जात, त्यांत गाभ्याचे तपकिरी लाकूड जास्त असे. आजच्या लागवडीतले कमी वयाचे झाड घेतले तर त्यात बाहेरच्या फिकट लाकडाचे प्रमाण मोठे असते. सागाच्या गाभ्यात टेक्टोक्विनोनसारखी द्रव्ये असतात, ती वाळवीला मानवत नाहीत. बाहेरच्या फिकट भागात हे संरक्षण नसते. उलट तिथे पिष्टमय पदार्थ असतात आणि ते भुंगेऱ्यांच्या अळ्यांना आवडतात. कोरड्यात राहिलेला सागाचा गाभा किती टिकतो याची साक्ष १८०७ साली बांधलेल्या विश्रामबागवाड्याचे लाकूडकाम देते.

घेण्यापूर्वी तीन ठिकाणी तपासावे. पहिले, तुळईची टोके. ती भिंतीत गाडलेली असतात, भिंतीतली ओल तिथेच मुरते आणि बुरशी लाकूड कुजवते. टोकात पटाशी किंवा पेचकस दाबून पाहावा. मऊ लागले तर तेवढा भाग कापून टाकण्याच्या हिशेबानेच भाव करावा. दुसरे, फिकट कडा. तिथे बारीक छिद्रे असली तर लाकूड उभे करून ठोकावे. छिद्रांतून ताजा, पिठासारखा भुगा पडला तर कीड बहुधा अजून आत आहे. भुगा नसेल तर छिद्रे जुनी असण्याची शक्यता जास्त. तिसरे, वाळवीच्या मातीच्या नळ्या. बोटाने ठोकल्यावर पोकळ आवाज आला तर आतून लाकूड खाल्लेले असू शकते.

काही लाकूड फुकट मिळाले तरी घरात आणू नये. रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर क्रिओसोटमध्ये भिजवलेले असतात. त्यात कर्करोग घडवणारी द्रव्ये आहेत आणि ती वर्षानुवर्षे बाहेर येत राहतात. हिरवट झाक असलेल्या काही प्रक्रिया केलेल्या लाकडांत आर्सेनिक असते. मालाच्या खोक्यांचे पाइन लाकूड हलक्या कामाला छान, पण त्यावरचा शिक्का वाचावा. परदेशी जाणाऱ्या-येणाऱ्या खोक्यांवर गव्हाच्या लोंबीची खूण आणि दोन अक्षरे असतात. 'एचटी' म्हणजे लाकूड आतपर्यंत ५६ अंश सेल्सिअसला निदान ३० मिनिटे तापवलेले. 'एमबी' म्हणजे मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेले. पहिले घ्यावे, दुसरे टाळावे.

आमची मोठी चूक : हिरवा रंग

लाकूड शाळेत आले त्या दिवशी आम्ही हौसेने मुलांच्या हाती काचपेपर दिला. दाराच्या झडपेवर हिरव्या तेलरंगाचे तीन-चार थर होते. मुलांनी दुपारभर ते घासले. हात, कपडे, केस हिरवे झाले आणि सगळे हसले. दुसऱ्या दिवशी ही हकीगत ऐकून आमच्या एका रसायनशास्त्रज्ञ सहकाऱ्याने एवढेच विचारले, "रंग कधीचा आहे?"

आम्ही रंगाचे कपचे प्रयोगशाळेत नेले आणि क्ष-किरणांनी मूलद्रव्ये ओळखणाऱ्या उपकरणात ठेवले. त्यात शिसे निघाले, आणि तेही भरपूर.

जुन्या तेलरंगांत शिसे असणे ही नवलाची गोष्ट नाही. पांढऱ्यासाठी शिशाचे कार्बोनेट, पिवळ्या-हिरव्यासाठी शिशाचे क्रोमेट, लोखंडावरच्या अस्तरासाठी शेंदूर आणि रंग लवकर वाळावा म्हणूनही शिशाचे क्षार वापरले जात. आपल्याकडे घरगुती रंगांतील शिशावर दशलक्षात ९० भागांची मर्यादा घालणारे नियम २०१६ साली आले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. तेव्हा त्यापूर्वीचा कोणताही तेलरंग, तपासला नसेल तर, शिशाचाच समजून वागणे शहाणपणाचे.

शिसे शरीरात कॅल्शियमसारखे वागते. ते हाडांत साठते आणि वाढत्या मेंदूच्या कामात ढवळाढवळ करते. पोटात गेलेल्या शिशापैकी लहान मुले मोठ्यांच्या चार ते पाच पट शिसे शोषून घेतात. याहून कमी असले तर निर्धोक, असे कोणतेही प्रमाण ठाऊक नाही. रंग दारावर घट्ट असतो तोवर धोका थोडा असतो. आपण तो कोरडा घासतो तेव्हाच त्याची धूळ करतो, आणि ती हातातून तोंडात व श्वासातून छातीत जाते. हे सगळे आम्हाला पुस्तकातून ठाऊक होते, तरी त्या दुपारी ते आठवले नाही. आम्ही पालकांना बोलावून सगळे सांगितले, डॉक्टरांचा सल्ला घ्यायला सुचवले आणि खोली ओल्या फडक्यांनी पुसून घेतली. ती बैठक सोपी नव्हती.

तेव्हा जुन्या रंगाच्या बाबतीत नियम असे : कोरडा काचपेपर किंवा यंत्र लावू नये. ब्लो लॅम्पने रंग जाळू नये, कारण त्या उष्णतेला शिशाचा धूर होतो. रंग पाण्याने भिजवून, खाली प्लास्टिक अंथरून, मोठ्या माणसांनीच तोंडाला धुळीचा चांगला मास्क लावून खरवडावा. मुले आणि गरोदर स्त्रिया त्या खोलीत नसाव्यात. कपचे गोळा करून बंद पिशवीत ठेवावेत आणि घातक कचरा म्हणून द्यावेत. झाडू मारू नये, ओल्या फडक्याने पुसावे. सगळ्यांत सोपा उपाय म्हणजे रंगवलेले लाकूड न घेणे. तुळया आणि कडीपाट यांवर पुष्कळदा रंग नसतोच.

आणखी एक सांगायला हवे. रंगवलेले तुकडे जळण म्हणून विकले जातात आणि बंबात जातात. शिसे जळून नाहीसे होत नाही. काही धुरातून पसरते, उरलेले राखेत राहते. त्याच राखेने काही घरांत भांडी घासतात. हे आपल्या वर्गातल्या मुलांना सांगण्याजोगे आहे.

रंग नसला तरी लाकडाची धूळ श्वासात घेऊ नये. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली तिची नोंद माणसात कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींत केली आहे.

खिळे आणि काळे डाग

रंधा मारण्यापूर्वी लाकडावर सगळीकडे लोहचुंबक फिरवावे. लाकडात मोडलेला एक खिळा रंध्याचे पाते आणि करवतीचे दात दोन्ही घालवतो. हे काम मुलांना निर्धास्त द्यावे, त्यांना ते फार आवडते.

खिळ्यांच्या भोवती निळसर काळे डाग दिसतात. लाकडातली टॅनिनसारखी द्रव्ये, ओल आणि लोखंड यांच्या संयोगाने हा रंग तयार होतो. पूर्वी हिरडा आणि हिराकस एकत्र करून काळी शाई करत, तीच ही रासायनिक क्रिया. ऑक्झॅलिक आम्लाच्या पातळ द्रावणाने डाग जातात, पण ते विषारी आहे, म्हणून हातमोजे घालून मोठ्यांनीच वापरावे आणि नंतर लाकूड पाण्याने धुऊन वाळवावे. आम्ही डाग तसेच ठेवले. मुले त्यांना 'वाड्याची शाई' म्हणतात.

शेवटचा हात

लाकूड गुळगुळीत झाले की त्यावर काय लावावे? दोन जुने पर्याय आजही चांगले आहेत, आणि दोघांचे विज्ञान वेगळे आहे.

पहिला म्हणजे चपडा लाखेचे पॉलिश. लाखेच्या किड्यांनी झाडाच्या फांद्यांवर स्रवलेली राळ शुद्ध करून चपडा होतो. तो स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्याने पातळ हात मारतात. स्पिरिट उडून जाते, लाख मागे राहते. ही क्रिया उलटी करता येते : पुन्हा स्पिरिट लागले की लाख विरघळते. म्हणून दुरुस्ती सोपी, पण गरम कप ठेवला तर पांढरे वर्तुळ उमटते.

दुसरा म्हणजे जवसाचे तेल. रंगाच्या दुकानात ते 'बेल तेल' या नावाने मिळते. हे तेल 'वाळते' म्हणजे त्यातले काही उडून जात नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेते आणि त्याचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन घट्ट जाळे बनते. ही क्रिया उलटत नाही. ऑक्सिजन घेताना उष्णताही बाहेर पडते, म्हणून तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकली तर आतल्या आत तापून आपोआप पेटू शकतात. ती पाण्यात बुडवावीत किंवा बाहेर एकेक पसरून वाळवावीत. दुकानातल्या तेलात लवकर वाळण्यासाठी धातूंचे क्षार घातलेले असतात, तेव्हा पोळपाटासारख्या वस्तूंना ते लावू नये.

सागाच्या अंगच्या तेलकट द्रव्यांमुळे वरचा लेप नीट धरत नाही किंवा वाळायला वेळ लागतो. लेप देण्याच्या लगेच आधी स्पिरिटच्या फडक्याने लाकूड पुसून घेतले तर हा त्रास कमी होतो.

आता त्या वाकलेल्या दाराकडे येऊ. आम्ही पुढच्या बाजूला चार हात पॉलिश दिले आणि 'दिसत नाही' म्हणून मागची बाजू कोरी ठेवली. कोणताही लेप बाष्प पूर्ण थांबवत नाही, फक्त त्याचा वेग कमी करतो. पावसाळ्यात मागची बाजू भराभर फुगली, पुढची मागे राहिली आणि दार वाटीसारखे झाले. म्हणून फळीच्या दोन्ही बाजूंना आणि टोकांना सारखेच हात द्यावेत. टोकांना तर जास्तच, कारण झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या तिथे उघड्या असतात.

वर्गात करून पाहण्यासारखे

तुळईच्या टोकाकडून, रुंदीच्या दिशेने, दोन-तीन मिलिमीटर जाड आणि निदान १५ सेंटिमीटर लांब पट्टी कापून घ्यावी. तेवढीच पट्टी लांबीच्या दिशेनेही घ्यावी. दोन्हींची लांबी व वजन नोंदवावे. ओले फडके ठेवलेल्या बंद डब्यात, पाणी अंगाला न लागता, त्या आठवडाभर ठेवाव्यात आणि पुन्हा मोजाव्यात. एक पट्टी साध्या फूटपट्टीवर दिसेल इतकी वाढते, दुसरी जवळजवळ तशीच राहते. कारण मुलांकडून काढून घ्यावे.

दोन काचपट्ट्यांवर जवसाचे तेल आणि लाखेचे पॉलिश पातळ पसरावे आणि सोनाराच्या तराजूसारख्या नाजूक तराजूवर रोज वजन करावे. दोन्ही वाळतात, पण एकाचे वजन घटते आणि दुसऱ्याचे वाढते. 'वाळणे' या एका शब्दात दोन वेगळ्या क्रिया आहेत हे तराजू दाखवतो.

तुळईच्या टोकावरची वलये मोजावीत. सागाची वलये बहुधा वर्षाला एक अशी असतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांनी ती मोजून जुन्या पावसाळ्यांचा मागोवा घेतला आहे. मात्र एक प्रश्न मुलांना जरूर विचारावा : या वलयांवरून वाडा कधी बांधला ते सांगता येईल का? येणार नाही. तुळई चौकोनी तासताना बाहेरची वलये गेली आहेत. झाड निदान इतक्या वर्षांचे होते, एवढेच म्हणता येते.

आमचे कपाट आजही त्या शाळेत आहे. दारे रंध्याने थोडी तासली, मागच्या बाजूलाही पॉलिश दिले, आणि आता ती जुलैतही उघडतात. मे महिन्यात त्यांच्यामध्ये बोटभर नाही, पण चांगली फट दिसते, तिला शिक्षक 'पावसाची जागा' म्हणतात. कोरड्या लाकडाचे निम्मे वजन कार्बनचे असते. ४५ किलोची ती तुळई बंबात गेली असती तर सुमारे ७० ते ७५ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत गेला असता. तो अजून कपाटात आहे. हिरवी झडप मात्र आम्ही वापरली नाही. तिचे रंगाचे थर दाखवणारा एक तुकडा सीलबंद काचेच्या बरणीत कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवला आहे, आणि दरवर्षी नव्या वर्गाला त्याची गोष्ट सांगितली जाते.